थंडीचे दोन

"बाटलीचे आठ, थंडीचे दोन. दहा झाले," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

मी बाटलीचं झाकण डोळ्यांजवळ नेलं. बारीक अक्षरात छापलेलं होतं, आठ रुपये, सर्व करांसहित. मी त्यावर बोट ठेवलं.

"आप्पा, इथं आठ लिहिलंय."

"बरोबर लिवलंय. पर ती किंमत गरम बाटलीची. कारखान्यातनं बाटली गरमच येती बाई. थंड कोण करतं? मी करतो. फ्रीज माझा, लाईटबिल माझं."

"म्हणजे तुम्ही थंडी विकता?"

"तसं समजा. गरम चालत आसंल तर आठाला न्या की. तकडं खोक्यात हाय."

मागे दोघी-तिघी बायका तेल-साखरेला उभ्या होत्या, त्या हसल्या. माझं नाक तेव्हा फार वर असायचं. फ्रीजमधली बाटली मी परत ठेवली, खोक्यातली गरम उचलली, आठ रुपये मोजले आणि ताठ मानेनं खोलीवर आले. पहिला घोट घेतला तेव्हा खोकल्याचं औषध प्यायल्यासारखं वाटलं. तरी सगळी संपवली. हट्टाला चव नसते.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी हेमलता चाळके, मूळची देवरुखची. तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि बोरगेवाडीत नर्स म्हणून लागून मला वर्षच झालं होतं. जत तालुक्याच्या त्या बाजूला उन्हाळ्यात सावलीलासुद्धा घाम फुटतो. पगारातला निम्मा देवरुखला जायचा, धाकट्या भावाच्या शिक्षणाला. उरलेल्यात जेवणखाण. स्वतःसाठी म्हणून मी जगात एकच गोष्ट विकत घेत होते. दिवसभर वाड्यावस्त्या फिरून आल्यावर एक थंडगार नारिंगी बाटली आणि पाच रुपयांची वेफरची पुडी. ती घेऊन पायरीवर बसलं की मला घरची आठवण यायची नाही. एरवी रोज यायची.

पण बाटली वर्षभरात सहाची सात आणि सातची आठ झाली होती. पुडी पाचचीच राहिली, मात्र तिच्यातले वेफर कमी कमी होत चालले होते. एकदा मी आप्पांच्या समोरच पुडी फोडून मोजले. अकरा निघाले.

"आप्पा, ही तर नुसती हवा आहे!"

"हवा बी म्हागली म्हंत्यात," आप्पा शांतपणे म्हणाले, "तरी बगा कंपनीनं किती घातलीय."

रामलिंगआप्पा शेटे हे असे. गावात किराण्याचं दुकान एकच आणि फ्रीजही एकच. दुकानावर पाटी होती, 'येथे थंडगार मिळेल'. त्या पाटीवर त्यांचा भारी जीव. दर सोमवारी ओल्या फडक्यानं पुसायचे.

तर, मी चार दिवस गरम बाटली प्याले. आप्पा रोज विचारायचे, "काय बाई, ग्वाड लागती का?" मी म्हणायचे, "फार छान." पाचवा दिवस बुधवार होता.

बुधवारी अंगणवाडीत लसीकरण असायचं. सकाळी तालुक्याच्या बाजूनं आरोग्य केंद्राचा माणूस मोटरसायकलवरून निळा डबा आणून द्यायचा. आत चारी बाजूंना बर्फाचे चपटे आइसपॅक आणि मधे लसीच्या कुप्या. संध्याकाळी पाचला तो डबा परत न्यायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल अक्षरात लिहिलेलं होतं, 'लसीव्यतिरिक्त काहीही ठेवू नये'. ही ओळ मी गावात सगळ्यांना पाठ करून घेतली होती. अंगणवाडीच्या सुभद्राबाई माझ्या आईच्या वयाच्या. एकदा त्यांनी आपल्या परसातल्या मोगऱ्याचा गजरा, संध्याकाळी देवळात जाईपर्यंत ताजा राहावा म्हणून, त्या डब्यात ठेवला होता. मी त्यांना बायापोरांसमोर अर्धा तास सुनावलं होतं. शीतसाखळी म्हणजे काय, लस टोचेपर्यंत थंडच का राहायला हवी, ती खराब झाली तर काय होतं, सगळं. बिचाऱ्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि हातातला गजरा उन्हात मलूल होत होता.

त्या बुधवारी दीड वाजताच सगळ्या कुप्या संपल्या. आयांनी आपापली रडणारी बाळं उचलून नेली. डब्यात फक्त बर्फ उरला, घट्ट, पांढरा, वाफा टाकणारा. त्याला पाच वाजेपर्यंत वितळण्याखेरीज काही काम नव्हतं. माझ्या पिशवीत आठ रुपयांची गरम बाटली होती.

मी डब्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

तासाभरानं मी जी बाटली प्याले ना, तशी आयुष्यात परत प्याले नाही. घशातून जाताना अक्षरशः झिणझिण्या आल्या. बाटली खाली ठेवली तर समोर सुभद्राबाई उभ्या. हातात खिचडीचा डाव.

डब्याच्या झाकणावरची लाल ओळ त्यांनी एकदा पाहिली, मला पाहिलं आणि आत निघून गेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांनी नुसत्या पाठीनं सांगितलं. पुढच्या बुधवारी लस संपल्यावर बाटली ठेवून तासाभरानं मी डबा उघडला तर बाटलीच्या शेजारी गजरा. मी बाटली काढून झाकण परत लावलं. आमचा करार झाला.

महिनाभर हे सुखानं चाललं. तेव्हा बाटल्या काचेच्या असायच्या, रिकामी बाटली दुकानात परत द्यावी लागायची. एका बुधवारी मी रिकामी बाटली परत द्यायला गेले. ती हातात घेतली आणि आप्पा थबकले. बाटली गालाला लावली.

"बाई, ही गार लागती."

"सावलीत ठेवली होती."

"माजं दुकान बी सावलीतच हाय." आप्पांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आनी आजकाल तुमी लई हासताय बुधवारचं. गरम पिऊन मानूस हासत न्हाई, बाई."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. पुढच्या बुधवारी बंद करायचं असं मी घरी जाताजाता ठरवलं. पण बुधवार येईपर्यंत बेचाळीस अंशांचं ऊन पडलं, आणि वर पगार झाला. मी एक नव्हे, दोन गरम बाटल्या घेतल्या. दुसरी सुभद्राबाईंसाठी. त्यांना इतकं बोलल्याचं मनात होतंच. दुपारी एक वाजता शेवटची कुपी संपली. रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद केली, दोन बाटल्या डब्यात तिरक्या बसवल्या, तळाशी सुभद्राबाईंचा गजरा सारला आणि डबा आतल्या खोलीत खिचडीच्या तांदळाच्या पोत्याआड लोटला.

दोनला अंगणात जीप थांबली.

उतरले ते जिल्ह्याचे डॉक्टर सोनटक्के. सोबत आमच्या केंद्राचे डॉक्टर आणि चालक. सोनटक्के साहेबांचं नाव ऐकलं की आमच्याकडे नर्सेसच्या हातातल्या सुया थरथरायच्या. आधी न सांगता यायचे, कमी बोलायचे आणि शेरा लिहायचे. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती करायची की घरी पाठवायचं, हे त्याच शेऱ्यावर ठरणार होतं, आणि देवरुखला भावाच्या कॉलेजची फी माझ्या पगाराची वाट बघत होती.

"चाळके सिस्टर, रजिस्टर आणा. मग शीतसाखळी बघतो," साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत म्हणाले. "हल्ली फार तक्रारी आहेत. दुपारपर्यंत डब्यात बर्फ उरत नाही म्हणे."

डब्यात बर्फ होता. प्रश्न बर्फाचा नव्हताच.

मी रजिस्टर दिलं. तेवढ्यात जीप पाहून सरपंच धावत आले. पाहुणचार केल्याशिवाय सरकारी माणसाला गावाबाहेर जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दारातूनच त्यांनी आरोळी ठोकली, "आप्पा! तीन थंड! येकदम गार बगून आन!"

दुकान समोरच. आप्पा ताटलीत तीन बाटल्या घेऊन आले, पण त्यांची चाल नेहमीची नव्हती. साहेबांनी बाटलीला हात लावला.

"गरम आहे की हो ही."

"भारनियमन हाय सायेब," आप्पांचा आवाज खाली गेला. "सकाळी आठापास्नं लाईट न्हाई."

"आप्पा!" सरपंच लाजेनं लालबुंद झाले. "पाटी कशाला लावलीय मग? थंडगार म्हनं! गावाची अब्रू घालवली! काडून टाका ती पाटी!"

आप्पांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. लाईट गेलेली असतानाही त्यांनी लोकांकडून थंडीचे दोन घेतलेले मी ऐकलं होतं, त्यामुळे खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझं लक्ष साहेबांच्या बोटाकडे होतं. ते रजिस्टरच्या शेवटच्या पानाकडे सरकत होतं.

"येक मिनिट सायेब. गार आनतो," आप्पा म्हणाले आणि ताटली घेऊन बाहेर पडले. "ग्लास काढते" म्हणून मी आतल्या खोलीत पळाले. डब्यापर्यंत पोचते तोच मागच्या दारातून आप्पा आत.

"बाई, डब्यात किती हायत?" ते कुजबुजले.

"कसल्या डब्यात?"

"आता येळ न्हाई. किती?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या खोलीत तेव्हा हरी कोण आणि गाढव कोण, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"दोन," मी म्हणाले.

"मानसं तीन हायत."

"ग्लासात वाटा. बाटली दिसता कामा नये."

"शानी हाय पोरगी," आप्पा म्हणाले आणि बसकण मारली. मी डबा उघडला, त्यांनी दोन्ही बाटल्या उपसल्या. झाकणं दाताखाली धरून उडवली, या वयातही त्यांचे दात शाबूत होते. अंगणवाडीच्या तीन स्टीलच्या ग्लासांत नारिंगी पाणी फेसाळलं. ग्लासांना बाहेरून दव चढलं. रिकाम्या बाटल्या त्यांनी धोतराच्या सोग्यात खोवल्या, मी झाकण लावलं. ग्लास ताटलीत घेऊन आप्पा मागच्या दारानं फिरून पुढे गेले आणि मी तोंडावर पदर फिरवून बाहेर आले.

साहेबांनी एक घोट घेतला. मग डोळे मिटले. मग पूर्ण ग्लास एका दमात संपवला.

"वा! काय थंड आहे हो! लाईट नसताना जमवलं कसं?"

"परंपरा हाय सायेब आमच्या दुकानाची," आप्पा हात जोडून म्हणाले. सरपंचांची छाती फुगली. माझा जीव भांड्यात पडला.

"आता डबा आणा," साहेब म्हणाले.

मी डबा आणला. अगदी बेफिकीर. साहेबांनी स्वतः झाकण काढलं. चारही आइसपॅक अजून घट्ट होते. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत मोगऱ्याचा गजरा लोंबत होता.

घाईत मी तो विसरले होते.

त्या गरमीत खोलीभर मोगऱ्याचा वास दरवळला.

"हे काय आहे?" साहेबांचा आवाज एकदम थंड झाला. "लसीच्या डब्यात गजरा? कुणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत सुभद्राबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माजा हाय सायेब. मीच ठिवला. शिस्टरला म्हाईत न्हाई."

"तुम्हाला वाचता येतं ना? झाकणावर काय लिहिलंय? मी तुमच्या खात्याला कळवतो. तुमच्यासारख्यांमुळे लहान मुलांचे जीव..." साहेब बोलत राहिले. शब्द न् शब्द तोच, मी त्यांच्यावर वापरलेला. सुभद्राबाई तशाच मान खाली घालून उभ्या. पण या वेळी त्या माझ्यासाठी उभ्या होत्या. त्यांना अंगणवाडीचे महिन्याला हजारभर रुपये मिळायचे आणि घरात त्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. भावाची फी आठवली. आईचा चेहरा आठवला. गप्प बसावं, असंही वाटलं. अर्धं मिनिट मी गप्प बसलेही.

"साहेब," मी म्हणाले, "त्या गजऱ्याच्या शेजारी दोन बाटल्या होत्या. त्या माझ्या."

"कसल्या बाटल्या?"

"नारिंगी. तुम्ही आत्ता प्यालात त्या."

आप्पांना जोरात ठसका लागला. आमच्या केंद्राचे डॉक्टर हातातल्या ग्लासाकडे असे बघायला लागले की जणू त्यात पाल आहे. चालकानं मात्र आपला उरलेला घोट पटकन संपवून घेतला.

"सुभद्राबाई मला बघून शिकल्या," मी पुढे म्हणाले. आता थांबताच येत नव्हतं. "लिहायचं तर माझ्यावर लिहा. आप्पा थंडीचे दोन रुपये जास्त घेतात म्हणून मी हे सुरू केलं. पण लस असताना कधी ठेवली नाही. एक वाजता शेवटची कुपी संपली, मगच."

साहेबांनी रजिस्टर ओढलं. ती ओळ वाचली. घड्याळ पाहिलं. रिकामा ग्लास पाहिला. सरपंचांना काही कळत नव्हतं, ते सगळ्यांकडे बघून हसत होते. साहेबांनी काहीतरी लिहिलं, आमच्या डॉक्टरांना सही करायला लावली आणि उठले. जाताना गजरा सुभद्राबाईंच्या हातात दिला.

"कोमेजेल. माठाच्या ओल्या फडक्यात ठेवत जा," एवढंच म्हणाले. जीप गेली.

"काय झालं वो?" सरपंचांनी विचारलं.

"काय न्हाई. दोन बाटल्या. बाटलीचे आठ, थंडीचे दोन. ईस द्या," आप्पा म्हणाले.

सरपंच पैसे देऊन गेले आणि मी आप्पांसमोर तळहात पुढे केला.

"काय?"

"बाटल्यांचे सोळा मी आधीच दिले होते. ते द्या. आणि थंडीचे चार."

"थंडीचे तुमाला कसे?"

"थंड कोणी केली? मी केली. डबा माझा, बर्फ माझा."

आप्पा वीसची नोट माझ्या हातावर ठेवून हसू आवरत दुकानात गेले. सुभद्राबाई मात्र पायरीवर बसून पदरात तोंड घालून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या रडतही होत्या की काय, मी विचारलं नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर डब्यात मी लसीशिवाय काही ठेवलं नाही. तीन महिने रोज टपालाची वाट पाहिली. देवरुखला काही कळवलं नाही, फक्त पैसे पाठवत राहिले. नोकरी गेली तर किती दिवस पुरतील याचा हिशोब मनात चालायचा. आप्पा त्या तीन महिन्यांत मला फ्रीजमधली बाटली आठालाच द्यायचे, न बोलता. मला वाटायचं, जाणाऱ्या माणसाला देतात तसंच देतायत.

श्रावणात पाकीट आलं. नोकरी कायम झाल्याचा आदेश, आणि मागे तपासणीच्या शेऱ्याची प्रत. मी ती उभ्या उभ्या वाचली, मग धावत दुकानात गेले. आप्पांना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"'उपकेंद्र बोरगेवाडी. रजिस्टर अद्ययावत. भर उन्हाळ्यात दुपारी अडीच वाजताही शीतसाखळी उत्तम. स्वतः खात्री करून घेतली आहे.'"

आप्पा काउंटरवर हात आपटून हसले. इतके की तराजूतली साखर सांडली. मग फ्रीज उघडून त्यांनी सगळ्यात मागची, सगळ्यात गार बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आठ," ते म्हणाले.

मी दहाची नोट ठेवली आणि दोन रुपये परत घेतले नाहीत.

"हे दोन कसले?"

"थंडीचे," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मागच्या दारानं आलात, त्याचे."

आप्पांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. मी पहिला घोट घेतला, तेव्हा ते फडक्यानं पाटी पुसत होते. सोमवार नव्हता तरी.

"बाई," पाठमोरेच म्हणाले, "पुढल्या म्हैन्यापास्नं थंडीचे तीन हायत बरं का."